खेळाडू मैदानात, बदलीची बातमी प्रेक्षकांच्या मोबाइलवर

२९ जुलै २०१५ ची रात्र. न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड मैदानावर मेट्स आणि सॅन डिएगो पाद्रेस यांचा बेसबॉलचा सामना रंगला होता. सामना चालू असतानाच प्रेक्षकांच्या मोबाइलवर बातमी धडकली: मेट्सचा विल्मर फ्लोरेस मिलवॉकी ब्रुअर्स संघाला दिला, बदल्यात कार्लोस गोमेझ येणार. मैदानातल्या फ्लोरेसला कुणी अधिकृतपणे काहीच सांगितलं नव्हतं. तो बॅटिंगला आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्या निरोपाच्या होत्या.

फ्लोरेस व्हेनेझुएलाचा. सोळाव्या वर्षी मेट्सने त्याला करारबद्ध केलं, तेव्हापासून त्याला दुसरं घर माहीत नव्हतं. पुढच्या डावात शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा राहून तो डोळे पुसताना कॅमेऱ्यात दिसला. व्यवस्थापक टेरी कॉलिन्स यांनाही काही कल्पना नव्हती. सामना संपल्यावर क्लबचे जनरल मॅनेजर सँडी अल्डरसन यांनी जाहीर केलं, की असा व्यवहार होणार नाही. म्हणजे बदलीची बातमी आली, निरोप झाला, माणूस रडला, आणि बदली झालीच नाही.

बँक, शाळा किंवा पोलीस खात्यात नोकरी केलेल्या घरांत हे फार समजावून सांगावं लागत नाही. बदल्यांची यादी निघायच्या आधी महिनाभर ‘अमक्याचं नाव आहे म्हणे’ अशी कुजबुज चालते. मुलांच्या शाळेचं काय, घरभाड्याचं काय, म्हाताऱ्या आईवडिलांचं काय, याची चर्चा यादीच्या आधीच घरात सुरू होते. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये हीच कुजबुज हा एक मोठा उद्योग आहे. बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद इथल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिकेत आहेत, नातवंडं तिकडच्या संघांच्या टोप्या घालून व्हिडिओ कॉलवर येतात. जुलै महिन्यात ती ‘ट्रेड डेडलाइन’, ‘ड्राफ्ट’, ‘रोस्टर’ असे शब्द बोलू लागली, की इकडच्या आजोबांना काही उमजत नाही. या शब्दांमागचा व्यवहार समजला तर खेळही समजतो.

ट्रेड म्हणजे नेमकं काय?

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. १५ अमेरिकन लीगमध्ये, १५ नॅशनल लीगमध्ये. खेळाडूचा करार क्लबशी असतो आणि तो करार क्लब दुसऱ्या क्लबला देऊ शकतो. यालाच ट्रेड म्हणायचं. आपल्याकडच्या आयपीएलमध्ये लिलाव असतो, बोली लागते, हातोडा पडतो. बेसबॉलमध्ये लिलाव नाही. दोन क्लबांचे अधिकारी फोनवर बोलतात, देवाणघेवाण ठरते, डॉक्टरी कागद तपासले जातात आणि खेळाडूला निरोप जातो.

आयपीएलमध्येही ट्रेड होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईकडे आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानकडे गेले, तेव्हा आठवडाभर ‘होणार म्हणे, नाही म्हणे’ असंच चाललं होतं. पण एक मोठा फरक आहे. आयपीएलमध्ये ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये सर्वसाधारण खेळाडूला कुणी विचारत नाही. नकाराचा हक्क दोघांनाच: ज्याने करारातच ‘मला हलवायचं नाही’ असं कलम लिहून घेतलंय तो, किंवा ज्याची मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली सलग शेवटची पाच वर्षं त्याच क्लबात झाली आहेत तो. बाकीच्यांनी बॅग भरायची.

खेळाडूच्या बदल्यात खेळाडूच द्यायला हवा असंही नाही. रोख रक्कम चालते. ‘नंतर नाव सांगू’ असा वायद्याचा खेळाडूही चालतो, मात्र ते नाव सहा महिन्यांच्या आत ठरावं लागतं. या वायद्याची एक गंमत बेसबॉलच्या इतिहासात नोंदलेली आहे. १९६२ मध्ये क्लीव्हलंडने हॅरी चिटी नावाचा कॅचर मेट्सला दिला, बदल्यात ‘नंतर नाव सांगू’ ठरलं. दोन महिन्यांनी मेट्सने जे नाव सांगितलं ते हॅरी चिटीच! म्हणजे गृहस्थ स्वतःच्याच बदल्यात परत घरी आले.

जुलै अखेरची घाई

मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. प्रत्येक संघाचे १६२ सामने. त्यातून १२ संघ पुढच्या बाद फेऱ्यांत जातात. जुलै संपेपर्यंत प्रत्येक क्लबला आपला वकूब कळलेला असतो. ज्यांना आशा आहे ते ‘घेणारे’ होतात, ज्यांची आशा संपली ते ‘विकणारे’. ट्रेडची शेवटची तारीख २८ जुलै ते ३ ऑगस्टच्या दरम्यान लीगचे आयुक्त ठरवतात. वेळ साधारण न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सहाची असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीन. तिकडे असलेला नातू त्या दिवशी फोन उचलत नसेल तर रागावू नये.

व्यवहाराचं गणित वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातलंच आहे: आजचा नफा की उद्याची ठेव? विकणारा क्लब आजचा तयार खेळाडू देतो आणि बदल्यात एकोणीस-वीस वर्षांची होतकरू पोरं घेतो. ज्या खेळाडूचा करार त्याच मोसमाअखेर संपतोय, त्याला तिकडे ‘भाड्याचा’ म्हणतात. दोन महिन्यांसाठी घेतलेला, त्यामुळे भाव कमी. ज्याच्यावर अजून दोन-तीन वर्षांचा हक्क शिल्लक आहे, त्याचा भाव वेगळाच.

हुआन सोटोचं उदाहरण घ्या. वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला, तो त्याने नाकारला. क्लबला कळून चुकलं, की हा इथे राहणार नाही. त्याच्यावरचा हक्क अजून अडीच मोसमांचा होता, म्हणजे भाव टिपेला होता. २ ऑगस्ट २०२२ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सोटो सॅन डिएगोकडे गेला. बदल्यात वॉशिंग्टनला सी. जे. अब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड यांच्यासह तरुण खेळाडूंची रास मिळाली. पुढे अब्रम्स २०२४ मध्ये, तर गोर आणि वुड २०२५ मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी निवडले गेले. म्हणजे ठेव पिकली.

याच व्यवहारात एरिक हॉस्मरही वॉशिंग्टनला जाणार होता. पण त्याच्या करारात नकाराचं कलम होतं आणि वॉशिंग्टन त्याच्या नको असलेल्या संघांच्या यादीत होतं. त्याने नाही म्हटलं. त्याच्या जागी ल्यूक व्हॉइटला पाठवलं गेलं आणि हॉस्मर बोस्टनला गेला. एकाच दिवशी, एकाच व्यवहारात, एकाला नाही म्हणता आलं आणि दुसऱ्याला निघावं लागलं. फरक फक्त करारातल्या एका कलमाचा.

सोटोचं काय झालं? डिसेंबर २०२३ मध्ये सॅन डिएगोने त्याला न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवलं. वर्षभराने तो मोकळा झाला आणि मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. डॉलर ९० रुपयांचा धरला तर जवळपास ६,९०० कोटी रुपये. ४४ कोटींना नाही म्हणणारा पोरगा वेडा नव्हता.

सहा वर्षांचं घड्याळ

ट्रेडच्या सगळ्या अफवांमागे एक घड्याळ टिकटिकत असतं. त्याला सेवाकाल म्हणता येईल. खेळाडू मेजर लीगच्या संघात जितके दिवस असतो, तितके दिवस त्याच्या खात्यात जमा होतात. १७२ दिवस झाले की एक वर्ष धरलं जातं. पहिली तीनेक वर्षं क्लब देईल तो पगार, फक्त किमान रकमेच्या खाली नाही. ही किमान रक्कम २०२६ साठी ७ लाख ८० हजार डॉलर आहे. त्यानंतरची तीन वर्षं पगारावर एकमत झालं नाही तर लवाद बसतो. सहा वर्षं पूर्ण झाली, की खेळाडू मोकळा. मग हव्या त्या संघाशी बोलणी करता येतात.

जिथे मोजणी दिवसांची, तिथे एका दिवसालाही किंमत येते. २०१५ च्या सराव सामन्यांत शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सगळ्यात जास्त, म्हणजे ९ होम रन मारले. तरी क्लबने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. कारण सांगितलं, की क्षेत्ररक्षण सुधारायचंय. १७ एप्रिलला त्याला वर बोलावलं. मोसमाअखेर त्याच्या खात्यात जमा झाले १७१ दिवस. बरोबर एक दिवस कमी! त्या एका दिवसामुळे त्याच्यावरचा क्लबचा हक्क एक अख्खं वर्ष वाढला. त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि कब्जने १०८ वर्षांनी अजिंक्यपद जिंकलं. ब्रायंटने या एका दिवसाविरुद्ध तक्रार दाखल केली. निकाल जानेवारी २०२० मध्ये लागला, त्याच्या विरुद्ध. जुलै २०२१ मध्ये, मोकळा व्हायला काही महिने उरले असताना, कब्जने त्याला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवलं.

आपल्याकडे कंत्राटी कामगाराला २४० दिवस भरायच्या आत खंड देतात, ते ज्यांनी भोगलंय त्यांना हा हिशेब नवीन वाटणार नाही. २०२२ च्या करारात यावर थोडा इलाज झाला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष बहाल होतं. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२४ मध्ये मे महिन्यात संघात आला, तरी या नियमाने त्याला अख्खं वर्ष मिळालं.

२६, ४० आणि सात दिवस

रोजच्या बातम्यांत मोठे ट्रेड कमी आणि ‘रोस्टर मूव्ह’ जास्त असतात. हा शब्द समजायला दोन आकडे पुरे: २६ आणि ४०. सामन्यासाठी उपलब्ध खेळाडू २६, सप्टेंबरमध्ये २८. पण क्लबच्या मुख्य यादीवर असतात ४०. उरलेले खालच्या लीगमध्ये, म्हणजे मायनर लीगमध्ये खेळत असतात. रोज कुणाचा खांदा दुखावतो, कुणाचा हात चालत नाही. मग खालचा वर येतो, वरचा खाली जातो.

दुखापत झाली तर बॅटरला किमान १० दिवस, पिचरला १५ दिवस बाजूला ठेवतात. दुखापत मोठी असेल तर ६० दिवस, आणि तेव्हा ४० च्या यादीतली त्याची जागा मोकळी होते. तरुण खेळाडूला साधारण तीन मोसम क्लब मनाप्रमाणे वर-खाली करू शकतो, मात्र एका मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. पाच वेळा तरी सामान बांधायचं, सोडायचं, हे आहेच.

यातला सगळ्यात कडू शब्द म्हणजे ‘डीएफए’. यादीतून नाव काढलं, आता सात दिवसांत याचं काय करायचं ते ठरवू, असा त्याचा सरळ अर्थ. या सात दिवसांत क्लब त्याला ट्रेड करू शकतो, इतर क्लबांपुढे ठेवू शकतो किंवा सोडून देऊ शकतो. कुणी घेतलं तर नवीन शहर. नाही घेतलं तर बहुधा पुन्हा मायनर लीग. तिथला पगार बघा. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा सगळ्यात वरच्या पातळीवरची किमान रक्कम वर्षाला १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाली. वरच्या किमान पगाराशी तुलना केली तर वीसेक पटींचा फरक. एका पायरीचं अंतर, आणि ती पायरी रोज सकाळी हलते.

‘म्हणे’चा बाजार

आता अफवांकडे. बदल्यांच्या बातम्या देणारे मोजके बातमीदार आहेत आणि त्यांच्या एका ओळीवर लाखो लोकांचा जीव टांगलेला असतो. ही ओळ येते कुठून? बहुतेक वेळा ज्याला त्या बातमीचा फायदा आहे, त्याच्याकडून. एजंटला दाखवायचं असतं, की आपल्या खेळाडूच्या मागे चार संघ लागलेत. विकणाऱ्या क्लबला भाव वाढवायचा असतो. घेणाऱ्या क्लबला प्रतिस्पर्ध्याला घाबरवायचं असतं. जमिनीच्या व्यवहारात दलाल ‘दुसरं गिऱ्हाईक टोकन घेऊन बसलंय’ म्हणतो ना, तसंच. तिकडे त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ‘गूढ संघ’ म्हणतात. कधी तो खरा असतो, कधी नसतो.

डिसेंबर २०२२ मध्ये यांकीजचा आरन जज मोकळा होता. एका नामवंत बातमीदाराने लिहिलं, की जज सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाल्याचं दिसतंय. घाईत त्याच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं आणि ‘आरन’चा ‘आर्सन’, म्हणजे जाळपोळ, झाला. काही मिनिटांत माघार घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी जजने यांकीजशीच ९ वर्षांचा, ३६ कोटी डॉलरचा करार मान्य केला.

त्याच्याही वरची कडी झाली ८ डिसेंबर २०२३ ला. जपानचा शोहेई ओहतानी कुठे जाणार याकडे दोन देश डोळे लावून बसले होते. कॅलिफोर्नियातून टोरांटोला एक खासगी विमान निघालं. लोकांनी इंटरनेटवर त्या विमानाचा माग काढायला सुरुवात केली. त्याच सुमारास एका जाणत्या बातमीदाराने लिहिलं, की ओहतानी टोरांटोच्या वाटेवर आहे. शहरात जल्लोष झाला. विमान उतरलं. आतून बाहेर आले रॉबर्ट हरजावेक, कॅनडाचे उद्योगपती आणि टीव्हीवरचा चेहरा, आपल्या कुटुंबासह. ओहतानी तेव्हा कॅलिफोर्नियात होता. बातमीदाराने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतः जाहीर केलं: लॉस एंजेलिस डॉजर्स, १० वर्षं, ७० कोटी डॉलर.

या ७० कोटींमागचाही हिशेब बघण्यासारखा आहे. वर्षाला ७ कोटी, पण त्यातले ६ कोटी ८० लाख बिनव्याजी पुढे ढकलले. ते मिळणार २०३४ ते २०४३ या काळात. आज हातात फक्त २० लाख. पैशाचं आजचं मूल्य काढलं तर लीगच्या लेखी हा करार वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांचा ठरतो. याचा फायदा क्लबला कसा? बेसबॉलमध्ये पगारावर कडक मर्यादा नाही, पण ठरावीक रकमेच्या वर गेलं की दंडासारखा कर बसतो. २०२५ साठी ही रेषा २४ कोटी १० लाख डॉलर होती. पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्यांदा ३० आणि तिसऱ्यांदा ५० टक्के. म्हणून एखादा चांगला खेळाडू क्लब जवळपास फुकट का देतोय, असा प्रश्न पडला, तर उत्तर बहुधा या रेषेजवळ सापडतं.

ड्राफ्ट: अंदाज का चुकतात?

नवी भरती होते ड्राफ्टमधून. पद्धत १९६५ पासूनची. शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंना क्लब पाळीपाळीने निवडतात. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोसारखे प्रदेश यात येतात. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला वगैरे देशांतली मुलं यात नसतात, ती सोळाव्या वर्षापासून थेट करार करू शकतात. २०२१ पासून ड्राफ्ट जुलैत होतो आणि त्याच्या २० फेऱ्या असतात. आधी सगळ्यात तळाच्या संघाला पहिला नंबर मिळायचा. मग मुद्दाम हरण्याचा संशय येऊ लागला, म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत काढतात. २०२४ मध्ये अवघी २ टक्के संधी असलेल्या क्लीव्हलंडची चिठ्ठी लागली आणि त्यांनी निवडला ट्रॅव्हिस बॅझाना. सिडनीचा. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला हा पहिला ऑस्ट्रेलियन.

ड्राफ्टच्या आधी महिनोन्‌महिने ‘कोण कितवा’ याचे अंदाज छापले जातात आणि बरेच चुकतात. कारण हा फक्त गुणांचा खेळ नाही, पैशांचाही आहे. प्रत्येक क्लबला बोनससाठी ठरावीक गंगाजळी मिळते. २०१२ मध्ये ह्यूस्टनने पहिला नंबर वापरून कार्लोस कोरेयाला घेतलं. त्या जागेची ठरलेली रक्कम ७२ लाख डॉलर होती, तो ४८ लाखांत तयार झाला. वाचलेल्या पैशांतून त्यांनी ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्स या महागड्या पोराला गळाला लावलं. २०१७ मध्ये ह्यूस्टनने अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा दोघंही संघात होते.

मुलाच्या हातातही एक पत्ता असतो: नकार. शाळेतून निवडला गेलेला मुलगा करार न करता कॉलेजला जाऊ शकतो. गेरिट कोलला २००८ मध्ये यांकीजने २८ वा निवडला होता. तो नाही म्हणाला, कॉलेजला गेला आणि २०११ मध्ये पिट्सबर्गने त्याला पहिला निवडला. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच यांकीजने त्याला ९ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर दिले.

आणि पहिला नंबर म्हणजे लॉटरी लागली असंही नाही. १९९१ मध्ये यांकीजने पहिला निवडलेला ब्रायन टेलर मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. उलट १९९९ मध्ये ४०२ वा निवडलेला अल्बर्ट पुहोल्स ७०३ होम रन मारून निवृत्त झाला.

भारताशी धागा

ड्राफ्टचा फटका काय असतो ते कुमार रॉकरने पाहिलं. आई भारतीय वंशाची, वडील अमेरिकन फुटबॉलचे माजी खेळाडू. व्हँडरबिल्ट विद्यापीठासाठी त्याने २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध १९ जणांना स्ट्राइकआउट करत एकही हिट दिली नव्हती. २०२१ मध्ये मेट्सने त्याला दहावा निवडला. ६० लाख डॉलरवर बोलणी झाल्याच्या बातम्या आल्या. मग वैद्यकीय तपासणी झाली, त्याच्या हाताबद्दल क्लबला शंका आली आणि प्रस्तावच दिला गेला नाही. क्लबला भरपाई म्हणून पुढच्या वर्षीचा ११ वा नंबर मिळाला. रॉकरला काय मिळालं? काहीच नाही. तो एका छोट्या स्वतंत्र लीगमध्ये जाऊन खेळला. २०२२ मध्ये टेक्सस रेंजर्सने त्याला तिसरा निवडला, बोनस ५२ लाख डॉलर. मग कोपराची शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो अखेर मेजर लीगमध्ये उतरला.

त्याच्या आधी, २००८ मध्ये, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गने त्यांना करारबद्ध केलं. त्यांच्यावर २०१४ मध्ये हॉलिवूडचा चित्रपटही आला. दोघंही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. दिनेशला २०१० मध्ये सोडण्यात आलं. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात ‘वीर महान’ झाला. चित्रपट संपतो तिथून पुढेच रोस्टरचा खरा हिशेब सुरू होतो.

माणूस की मालमत्ता?

एक काळ असा होता, की सहा वर्षांनंतरही सुटका नव्हती. करारातल्या एका कलमामुळे खेळाडू जन्मभर त्या क्लबचा. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं. १२ वर्षं एकाच शहरात काढलेल्या या कृष्णवर्णीय खेळाडूने जायला नकार दिला. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्याने आयुक्तांना पत्र लिहिलं, की आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड हरला. त्याची कारकीर्द तोपर्यंत संपली होती.

पण धक्का बसला होता. दहा आणि पाच वर्षांचा नकाराचा हक्क त्यानंतर लगेच आला. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर सीट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडू मोकळे होऊ लागले. सोटोचे ७६ कोटी त्या लढ्यातून आले. ज्याने लढा सुरू केला, त्याच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

हा हिशेब अजून मिटलेला नाही. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या, २०२२ मध्ये झालेल्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. मागच्या वेळी मुदत संपली तेव्हा मालकांनी ९९ दिवस टाळं लावलं होतं. त्या काळात ना ट्रेड, ना करार. पगाराची मर्यादा, सेवाकालाची वर्षं, ड्राफ्टच्या फेऱ्या, सगळं त्या टेबलावर ठरतं. म्हणून अफवा वाचताना तीन गोष्टी बघाव्यात: खेळाडूच्या घड्याळात किती वर्षं उरलीत, त्याला नकाराचा हक्क आहे का, आणि ही बातमी पसरल्याने फायदा कुणाचा. तिन्हींची उत्तरं सापडली तर ‘म्हणे’ किती खरं, याचा अंदाज येतो.

आणि विल्मर फ्लोरेस? रडल्यानंतर दोनच दिवसांनी, ३१ जुलै २०१५ ला, ट्रेडची मुदत संपली त्या रात्री मेट्सचा सामना वॉशिंग्टनशी होता. बाराव्या डावापर्यंत १-१ अशी बरोबरी. फ्लोरेसने होम रन मारला आणि सामना संपवला. घरच्या प्लेटकडे धावत येताना त्याने शर्टावरचं संघाचं नाव मुठीत धरून दाखवलं. तीन मोसमांनंतर, २०१८ संपताना, क्लबने त्याला नवा करार न देता मोकळं केलं. या वेळी त्याची अफवा कुणी पसरवली नव्हती.